बेडका रोज बाहेर पडला पाहिजे

वाचकांचे प्रश्न, छातीच्या डॉक्टरांची उत्तरे

या वेळी एकाच आजाराविषयीची पत्रे निवडली आहेत. फुप्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वस्ती करतात. या आजाराला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. नाव अवघड असले तरी आजार आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

प्रश्न : माझे वय ५३. इचलकरंजीजवळच्या गावात राहते, घरी शिवणकाम करते. १९९८ साली मला फुप्फुसाचा टीबी झाला होता आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून तो बरा झाला. अलीकडे काही वर्षे पाऊस सुरू झाला की खोकला धरतो आणि सकाळी उठल्याबरोबर हिरवट बेडके पडतात. दर वेळी गावातले डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध देतात, पंधरा दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. दिवाळीनंतर थुंकीत रक्ताचे धागे दिसले म्हणून मुलाने शहरात छातीच्या डॉक्टरांकडे नेले. सीटी स्कॅनमध्ये ब्राँकिएक्टॅसिस निघाले, थुंकीत स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडला, टीबीची तपासणी मात्र निगेटिव्ह आली. ‘हा आजार पूर्ण बरा होत नाही, आयुष्यभर सांभाळावा लागेल,’ असे डॉक्टर म्हणाले आणि त्यानंतरचे त्यांचे बोलणे माझ्या डोक्यात शिरलेच नाही. घरात दोन वर्षांची नात आहे. मी माझे ताट-वाटी वेगळे केले आहे, तिला जवळ घेत नाही. हा टीबीच परत आला आहे का? माझ्याकडे किती वर्षे आहेत?

उत्तर : आधी नातीला मांडीवर घ्या, आणि ताट-वाटी पुन्हा सगळ्यांच्या मांडणीत ठेवा. थुंकीची टीबीची तपासणी निगेटिव्ह आहे, आणि स्यूडोमोनास हा जंतू ओलसर जागी, पाण्यात, मातीत सर्वत्र असतो; धडधाकट माणसाच्या फुप्फुसात तो टिकत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि नंतर हात धुणे एवढी काळजी पुरेशी आहे. हाच आजार असलेल्या दुसऱ्या रुग्णाजवळ बसून मात्र तासन्‌तास गप्पा मारू नका आणि नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) कोणाबरोबरही वाटून घेऊ नका.

टीबी परत आलेला नाही, पण आजच्या आजाराचे मूळ त्यातच आहे, असे तुमच्या हकिगतीवरून दिसते. टीबीचे जंतू औषधांनी मेले, तरी त्यांनी फुप्फुसात केलेले नुकसान व्रणाच्या रूपाने मागे राहिले. व्रण आकसताना आजूबाजूच्या नळ्या ओढल्या जाऊन रुंद झाल्या. नळीच्या आतल्या बाजूला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस असतात, तेही तिथे नष्ट झाले. त्यामुळे कफ तळाशी पडून राहतो, त्यात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे नळी आणखी खराब होते. लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१९ साली या आजाराचे वर्णन केले, म्हणजे वैद्यकाला तो दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. भारतातील ३१ केंद्रांमधल्या २,१९५ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजाराचे सर्वाधिक आढळलेले कारण पूर्वी होऊन गेलेला टीबी हेच होते. साधारण तिघांमागे एकाची गोष्ट तुमच्यासारखीच होती, आणि थुंकीत सर्वांत जास्त वेळा सापडलेला जंतूही स्यूडोमोनासच होता. एकदा टीबी झालेल्यांना तो पुन्हा होऊ शकतो, हेही खरे आहे. म्हणून वजन उतरू लागले किंवा संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली, तर ती तपासणी न कुरकुरता पुन्हा करावी.

‘पूर्ण बरा होत नाही’ या वाक्याचा अर्थ एवढाच, की प्रौढ वयात रुंदावलेली नळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. बेडका कमी करता येतो, वारंवार उसळणारा संसर्ग आटोक्यात आणता येतो, दवाखान्यात भरती होण्याच्या वेळा टाळता येतात. किती वर्षे, याचे उत्तर पत्रावरून देता येणार नाही आणि कोणी देऊ केले तर त्यावर विश्वास ठेवू नका. ते फुप्फुसाचा किती भाग खराब आहे, फुंकण्याच्या तपासणीत किती क्षमता दिसते, वर्षातून किती वेळा आजार उसळतो आणि वजन टिकून आहे की नाही, यांवर अवलंबून असते. स्यूडोमोनास सापडला की आजार जरा अधिक चिवट होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच तो पहिल्यांदा सापडतो तेव्हा त्याला मुळापासून घालवण्याचा प्रयत्न करतात. साधारणपणे दोन आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या किंवा शिरेतून इंजेक्शने, आणि त्यानंतर बऱ्याचदा तीन महिने वाफेच्या यंत्रातून कॉलिस्टिन किंवा टोब्रामायसिन, अशी ही योजना असते. सिप्रोफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही काही प्रमाणात दाबून टाकते, त्यामुळे ते सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी झालेली हवी. तुमची झाली आहे, हे चांगले झाले. ही गोळी दूध, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि पित्ताची पांढरी औषधे यांच्याबरोबर घेऊ नये, कारण मग ती अंगी लागत नाही. टाचेच्या वरची शीर दुखू लागली, तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे.

आता ज्यासाठी तुमचे पत्र प्रथम निवडले, त्याकडे येतो. तुम्हाला आजवर अनेक औषधे मिळाली. कफ बाहेर कसा काढायचा, हे कोणी शिकवले असे पत्रात कुठेच दिसत नाही. या आजारात रोजचा निचरा हाच मुख्य उपचार आहे आणि गोळ्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. आमच्या धंद्यातले लोक चिठ्ठीवर पाच औषधे लिहितात आणि फिजिओथेरपिस्टचे नाव लिहायला विसरतात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

पद्धत अशी. सकाळी चहाच्या आधी खुर्चीवर ताठ पण सैल बसा, खांदे खाली सोडा. एक हात पोटावर ठेवून काही श्वास अगदी शांतपणे घ्या. मग नाकातून तीन-चार खोल श्वास घ्या, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद रोखा आणि जोर न लावता सोडा. रोखल्यामुळे हवा कफाच्या मागे पोहोचते. पुन्हा शांत श्वास. त्यानंतर मध्यम श्वास घेऊन तोंड उघडे ठेवून हवा बाहेर ढकला, चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर ‘हाऽऽ’ करतो तशी, पण अधिक लांब आणि पोटातून. याला हफिंग म्हणतात. आधी लांब हफ, कफ वर सरकल्याचा खुळखुळ आवाज आला की खोल श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ, आणि मग एकदाच खोकून बेडका बाहेर. हे चक्र दहा ते वीस मिनिटे, दोन हफ सुके जाईपर्यंत. संध्याकाळी पुन्हा एकदा, जेवणाच्या आधी. नुसते खोकत बसल्याने दमायला होते, घसा सोलतो आणि तळचा कफ तळाशीच राहतो. सीटी स्कॅनमध्ये ज्या बाजूचा भाग खराब दिसतो ती बाजू वर करून कुशीवर झोपून हेच केल्यास निचरा सोपा होतो. डोके खाली आणि पाय वर ही जुनी रीत मात्र आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांनी किंवा रक्त पडणाऱ्यांनी करू नये. पहिल्या एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या.

कफ फार चिकट असेल तर डॉक्टर खारट सलाईनची वाफ सुचवतील. तिचा पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा, कारण काहींची छाती त्याने आवळते. क्रम लक्षात ठेवा : आधी नळ्या मोकळ्या करणारा पंप, मग सलाईनची वाफ, मग निचरा, आणि अँटिबायोटिकची वाफ असेल तर ती सर्वांत शेवटी, स्वच्छ झालेल्या नळ्यांमध्ये. नेब्युलायझरची कपी आणि मास्क प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, कंपनीची मनाई नसेल तर रोज उकळून, पूर्ण कोरडी करून ठेवावी. ओली कपी झाकून ठेवणे म्हणजे ज्या जंतूला हाकलायचे त्यालाच घर बांधून देणे.

खोकला दाबणारी सिरपे यापुढे बंद. पाच-पाच दिवसांचे कोर्सही बंद. या आजारात संसर्ग उसळला तर अँटिबायोटिक बहुधा १४ दिवस द्यावे लागते, आणि पहिली गोळी घेण्यापूर्वी थुंकी कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यासाठी, गेली पाहिजे, त्यावरून जंतू कोणता आणि तो कशाने मरतो, हे कळते. डबी देताना रुग्णांच्या हमखास चुका होतात : तोंडातली लाळ भरतात, किंवा रात्रीची थुंकी सकाळी नेतात. साध्या पाण्याने चूळ भरा, वरच्याप्रमाणे निचरा करा, खोलवरून आलेला घट्ट बेडका डबीत घ्या आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा.

उसळला हे ओळखायचे कसे? बेडक्याचे प्रमाण, त्याचा घट्टपणा किंवा रंग, खोकला, दम, थकवा, रक्त यांपैकी तीन गोष्टी दोन दिवस नेहमीपेक्षा वाईट राहिल्या, तर तो उसळला असे धरा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे लिहितो, त्याच चौकटीत बेडक्याचा रंग आणि अंदाजे चमचे लिहून ठेवा. ते पान घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर पाच मिनिटांच्या भेटीतही मुद्द्याचे बोलणे होते.

रक्ताविषयी. धागे दिसले तर घाबरून जाऊ नका, पण त्या दिवशी निचरा थांबवून डॉक्टरांना कळवा. चहाचा अर्धा कप भरेल एवढे ताजे रक्त पडले किंवा थांबतच नसेल, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा आणि वाटेत खराब बाजू खाली करून कुशीवर झोपा. रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गळणारी शाखा बंद करण्याचा उपाय आज मोठ्या शहरांत होतो. टीबीने केलेल्या पोकळीत कधी कधी बुरशीचा गोळा वाढतो आणि त्यातूनही रक्त येते. तुमच्या स्कॅनमध्ये तसे काही आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

घरातले थोडे. केळे, दही, भात बंद करायला तुम्हाला कोणीतरी सांगेलच. या पदार्थांनी हा आजार वाढत नाही, उपाशी राहिल्याने मात्र वजन उतरते आणि वजन उतरलेल्या रुग्णाला संसर्ग लवकर गाठतो. डाळी, उसळी, दूध, चालत असतील तर अंडी, वाढवा. चुलीचा धूर, डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती आणि मिसरी भाजताना निघणारा धूर यांपासून दूर राहा. मिसरी लावत असाल तर तीही सोडा. शिवताना उडणाऱ्या कापसाच्या तंतूंसाठी मास्क वापरा. फ्ल्यूची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, साताऱ्याला असतात. बारीक अंगकाठी, वर्षभर खोकला. थुंकीच्या तपासणीत ‘एएफबी पॉझिटिव्ह’ आले म्हणून टीबीची औषधे सुरू झाली. दोन महिन्यांनी कल्चरचा अहवाल आला, त्यात टीबी नसून ‘एनटीएम, एव्हियम’ असे लिहिले आहे. आता नवे डॉक्टर म्हणतात की सध्या थांबून पाहू, पण लागली तर औषधे वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागतील. आम्ही पुरते गोंधळलो आहोत. आधीची औषधे चुकीची होती का? आणि जंतू असूनही थांबायचे कसे?

उत्तर : टीबीच्या जंतूच्या कुळात इतर अनेक जंतू आहेत. त्यांनाच एनटीएम म्हणतात, आणि एव्हियम हा त्यांतला एक. एएफबी तपासणीत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, ते सगळे सारखेच तांबडे दिसतात, म्हणून त्या तपासणीवरून टीबी कोणता आणि चुलतभाऊ कोणता, हे सांगता येत नाही. टीबी इतका पसरलेला असलेल्या आपल्या देशात अशा अहवालावर टीबीचे उपचार सुरू होणे समजण्यासारखे आहे. तरी थुंकी पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट (टीबीच्याच जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) निगेटिव्ह अशी विसंगती दिसली की कल्चर करून जंतूची जात पटवावी, हे खरे. सुरू झालेल्या गोळ्यांचे काय करायचे ते नव्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच करा, मनाने बंद करू नका.

हा जंतू माती आणि पाण्यात असतो आणि घरातल्यांना वडिलांपासून लागत नाही. तो थुंकीत एकदा सापडला म्हणजे आजार झालाच, असे नाही. वाटेतला पाहुणाही असू शकतो. लक्षणे, सीटी स्कॅनमधले बदल, आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या किमान दोन थुंक्यांमध्ये तोच जंतू, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान पक्के धरतात. त्यानंतरही प्रत्येकाला लगेच औषध लागते असे नाही. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत असतील, फुप्फुसात पोकळी असेल, वजन उतरत असेल, तर थांबणे योग्य नाही. हे काही नसेल तर निचरा, आहार आणि दर काही महिन्यांनी थुंकी व स्कॅन, असे लक्ष ठेवतात. वडिलांची थुंकी पॉझिटिव्ह आली होती, म्हणून थांबण्यामागचे कारण डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

औषधे लागलीच तर अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन ही तीन एकत्र देतात. आजार सौम्य आणि पोकळी नसेल तर बऱ्याचदा आठवड्यातून तीनच दिवस. मुदत मोजतात ती थुंकी निगेटिव्ह झाल्यापासून पुढे एक वर्ष, म्हणून ती एकूण दीड वर्षापर्यंत जाते. इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला किंवा वर्तमानपत्र अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी कळवा. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर त्याने घटतो, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांसमोर ओता. एक धोका ठळकपणे सांगतो : ब्राँकिएक्टॅसिसच्या रुग्णांना वारंवारचा संसर्ग टाळण्यासाठी कधी एकटे अझिथ्रोमायसिन महिनोन्‌महिने देतात. एनटीएम अंगात असताना ते एकटे दिले, तर जंतू त्याला दाद देईनासा होतो आणि हातातले सर्वांत चांगले औषध वाया जाते. दुसऱ्या कोणी तशी गोळी लिहिली तर हा अहवाल दाखवा.

गच्चीवरची टाकी वेळोवेळी धुवा, शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करू द्या, आणि कुंड्यांची माती किंवा खत हाताळताना त्यांना मास्क लावायला सांगा.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे, कल्याणहून रोज लोकलने जाते. लहानपणापासून सर्दी-खोकला, सहा महिन्यांपूर्वी ब्राँकिएक्टॅसिस निघाले. डब्यात खोकला आला की बायका सरकून बसतात. घरी लग्नाचे बोलणे चालू आहे आणि आई म्हणते, ‘हे कोणाला सांगू नकोस.’ मला रात्री झोप लागत नाही. नवीन औषध निघाले आहे असे वाचले, ते खरे आहे का?

उत्तर : हो, ब्रेन्सोकॅटिब नावाच्या गोळीला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता दिली, खास या आजारासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध. ते सुजेचा जोर कमी करते, त्यामुळे आजार उसळण्याच्या वेळा घटतात. नळ्या मात्र त्याने पूर्ववत होत नाहीत आणि रोजचा निचरा सुटत नाही. तुम्हाला ते लागू पडते का आणि कसे मिळेल, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

त्याआधी एक प्रश्न तुम्हीच त्यांना विचारायला हवा : मला हे कशामुळे झाले? लहानपणापासून सर्दी, नाक वाहणे, कान फुटणे असेल तर नळ्यांतले सूक्ष्म केस जन्मतःच नीट हलत नसण्याची शक्यता असते. रक्तातली प्रतिकारद्रव्ये कमी आहेत का, अ‍ॅस्परजिलस या बुरशीची अ‍ॅलर्जी आहे का, हे रक्त तपासून कळते. यांपैकी काही कारणांवर वेगळे उपचार आहेत आणि ते वेळेवर केले तर पुढचे नुकसान थांबते. तुमच्या वयात ही चौकशी अर्धवट सोडू नये.

लग्नाबद्दल आईची भीती समजते, तरी माझे मत तिच्याविरुद्ध आहे. रोज दोन वेळा निचरा करणारी, वर्षातून एखाद-दोन कोर्स घेणारी सून हा आजार किती दिवस लपवील? लपवण्याच्या नादात निचराच बंद पडतो, असे मी पाहिले आहे. बोलणी पुढे सरकली की त्या मुलाला स्वतः सांगा, सोबत अहवाल ठेवा, आणि हा संसर्गजन्य रोग नाही हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. फुप्फुसांची क्षमता चांगली असलेल्या अनेक स्त्रियांचे बाळंतपण देखरेखीखाली नीट पार पडते. फक्त गरोदर राहण्याचा विचार करण्यापूर्वी चालू औषधे तपासून घ्यावी लागतात.

लोकलचे म्हणाल, तर निघण्यापूर्वी पूर्ण निचरा केला की डब्यातला खोकला पुष्कळ कमी होतो. त्यासाठी अर्धा तास आधी उठावे लागेल. पर्समध्ये घट्ट झाकणाची छोटी डबी ठेवा, म्हणजे बेडका गिळावा लागणार नाही. झोप न लागणे, उदास वाटणे हे या आजाराच्या रुग्णांमध्ये नेहमी दिसते. ते पुढच्या भेटीत खोकल्याइतक्याच स्पष्टपणे सांगा, आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. चालणे सोडू नका. दम लागेल पण बोलता येईल एवढ्या वेगाने रोज अर्धा तास चाला. अनुलोम-विलोम चालेल, कपालभाती मात्र थुंकीत रक्त येत असेल तोवर नको.